वाळवंटातील शेजारी : संत चार्ल्स द फुको

१ डिसेंबर हा संत चार्ल्स द फुको यांचा स्मरणदिन. १५ मे २०२२ रोजी आपल्या देवसहायम यांच्यासोबत त्यांना संतपद मिळाले. त्यांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल : पांढरा झगा, छातीवर लाल हृदय व त्यावर क्रूस, मागे रिकामे वाळवंट. १९२१ साली रने बाझें यांनी त्यांचे चरित्र लिहिले, १९३६ साली फ्रान्समध्ये चित्रपट निघाला आणि जगापासून दूर गेलेला एकाकी साधू ही त्यांची ओळख रुजली. ती अर्धीच खरी आहे, असे आम्हाला वाटते.

त्यांचा जन्म १८५८ साली स्ट्रासबर्ग येथे झाला. सहा वर्षांचे होण्याआधीच आईवडील वारले; आजोबांनी वाढवले. तरुणपणी श्रद्धा गेली. लष्करात अधिकारी असताना वारशाचा पैसा चैनीत उडवला. पुढे नोकरी सोडून १८८३-८४ मध्ये ज्यू धर्मगुरूच्या वेशात मोरोक्को पालथा घातला. तेथील मुसलमानांची भक्ती पाहून ते अस्वस्थ झाले. ऑक्टोबर १८८६ मध्ये पॅरिसला फादर ह्युवलँ यांच्याकडे ते धर्माविषयी जाणून घ्यायला गेले, तर फादरांनी त्यांना आधी गुडघे टेकून पापनिवेदन करायला लावले. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले आम्ही बहुधा चर्चाच करत बसलो असतो!)

सात वर्षे ते ट्रॅपिस्ट मठात होते. मग नाझरेथमध्ये क्लारा भगिनींच्या मठात गडी म्हणून राहिले. १९०१ साली गुरुदीक्षा घेऊन ते अल्जेरियात बेनी अब्बेस येथे गेले. आश्रमाची हद्द म्हणून त्यांनी दगड मांडले, पण दगडांनी कोण अडते? गुलाम, गोरगरीब, वाटसरू, सैनिक यांची दिवसभर रीघ असे. काही गुलामांना त्यांनी पैसे मोजून सोडवले. गुलामगिरीकडे डोळेझाक करणाऱ्या फ्रेंच सत्तेवर त्यांनी टीका केली. तरीही त्या सत्तेवर त्यांचा विश्वास होता, हे झाकण्यात अर्थ नाही.

१९०५ साली ते आणखी दक्षिणेला, तामनरासेत येथे तुआरेग लोकांत राहू लागले. त्यांची भाषा शिकून शब्दकोश रचू लागले. १९०७ साली दुष्काळ पडला. जवळचे धान्य त्यांनी भुकेल्यांना वाटून टाकले. मिस्सेला सोबत एकही ख्रिस्ती माणूस नव्हता व एकट्याने मिस्सा करण्याची परवानगी नव्हती, त्यामुळे त्या वर्षीचा नाताळ मिस्सेविना गेला. जानेवारी १९०८ मध्ये ते अंथरुणाला खिळले, मरणाच्या दारात पोहोचले. तोवर देणारे तेच होते. आता त्यांच्या मुसलमान शेजाऱ्यांनी चार किलोमीटरच्या परिसरात ज्या शेळीला थोडेफार दूध होते ती शोधली आणि ते दूध त्यांना पाजले. त्या दुधावर ते वाचले. ३१ जानेवारीला एकट्याने मिस्सा करण्याची परवानगी हाती आली.

१ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी हल्लेखोरांनी त्यांना दाराबाहेर ओढून बांधले. पहाऱ्यावरच्या कोवळ्या पोराने घाबरून गोळी झाडली. आयुष्यभर त्यांनी सोबत्यांची वाट पाहिली होती, पण त्या दिवशी त्यांच्यासोबत एकही बंधू नव्हता. पहिले पाच जण सहारात आले ते १९३३ साली.