रेनकोटमधला घाम, एक जुना ट्रेंच कोट आणि थॉमस बर्बेरी

पावसाळ्यात बाइकवरून ऑफिसला जाताना तुम्हालाही हा अनुभव येत असेल. रेनकोट घातलाय, बाहेरचं पाणी आत येत नाही, तरी ऑफिसला पोहोचेपर्यंत शर्ट चिंब! पावसाने नाही, घामाने. हा प्रॉब्लेम खूप जुना आहे, आणि त्यावर पहिला चांगला उपाय काढणाऱ्यांपैकी एक होते इंग्लंडमधले एक कापड दुकानदार, थॉमस बर्बेरी. आज ‘बर्बेरी’ म्हटलं की महागडा फॅशन ब्रँड आठवतो. मला मात्र हे नाव नीट कळलं ते एका जुन्या लष्करी कोटामुळे.

मला जुने लष्करी पावसाळी कपडे जमवायचा नाद आहे. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने ऑनलाइन एक ट्रेंच कोट दाखवला. सांगितलं, पहिल्या महायुद्धातला आहे, इंग्रज अधिकाऱ्याचा, अस्सल बर्बेरी. किंमत माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. मोह तर झालाच. पण पैसे पाठवायच्या आधी म्हटलं, हा माणूस कोण होता ते तरी वाचू.

थॉमस बर्बेरी यांचा जन्म १८३५ सालचा, इंग्लंडच्या सरे परगण्यातला. लहान वयात ते एका कापड दुकानात उमेदवारी करायला लागले. २१ व्या वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये, त्यांनी बेसिंगस्टोक या गावात स्वतःचं दुकान काढलं. गिऱ्हाईक कोण? शेतकरी, शिकारी, मासे पकडणारे. दिवसभर उघड्यावर वावरणारी माणसं.

तेव्हा पावसासाठी मॅकिंटॉश कोट होता. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर, त्यामुळे पाणी आत येत नसे. पण घामाची वाफही बाहेर जात नसे. शिवाय कोट जड आणि वास मारणारा. थोडक्यात, माझ्या बाइकवरच्या रेनकोटचा पणजोबाच म्हणा ना!

बर्बेरी यांनी प्रॉब्लेम दुसऱ्या लेव्हलवर सोडवला. कापड विणून झाल्यावर त्याला थर लावण्याऐवजी त्यांनी आधी धाग्यावरच पाणी न शोषण्याची प्रक्रिया केली. मग तो धागा तिरप्या विणीने घट्ट विणला. १८७९ मध्ये हे कापड तयार झालं, १८८८ मध्ये पेटंट मिळालं. नाव ठेवलं गॅबर्डिन.

हे चालतं कसं? पावसाचा थेंब धाग्यांमधल्या फटीपेक्षा मोठा असतो. धागा पाणी शोषत नाही, म्हणून थेंब गोल राहतो आणि घरंगळून जातो. घामाची वाफ म्हणजे पाण्याचे सुटे रेणू. ते इतके बारीक की त्याच फटीतून आरामात बाहेर पडतात. तरीही हे कापड पूर्ण वॉटरप्रूफ नव्हे. मुसळधार पावसात बराच वेळ उभं राहिलं तर पाणी आत येणारच. फोनच्या बॉक्सवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहितात ना, तसंच.

१८९१ मध्ये बर्बेरी लंडनच्या हेमार्केट भागात पोहोचले. पुढे स्कॉट आणि शॅकलटन यांच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमांमध्ये हे कापड वारा अडवण्यासाठी वापरलं गेलं. १९१२ मध्ये कंपनीने ‘टायलॉकन’ नावाच्या कोटाचं पेटंट घेतलं. त्याला पुढे बटणांची रांग नव्हती, पट्ट्यानेच तो बंद व्हायचा. आणि दोनच वर्षांत महायुद्ध सुरू झालं.

मासे पकडणाऱ्यांसाठी बनलेलं कापड आता चिखलाने भरलेल्या खंदकात गेलं. ब्रिटिश अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या पैशाने, खाजगी दुकानांतून घेत. खंदकाला इंग्रजीत ट्रेंच म्हणतात, म्हणून ट्रेंच कोट. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणा लावायला, कमरेच्या पट्ट्यावरच्या कड्या सामान अडकवायला. साध्या शिपायाला मात्र सरकारी जाड लोकरीचा ओव्हरकोट मिळे. तो पाणी आणि चिखल पिऊन आणखी जड व्हायचा. एकाच पावसात उभी असलेली माणसं, पण कोरडं कोण राहणार हे हुद्द्यावर ठरत होतं. हे वाचल्यावर माझ्याकडच्या जुन्या कोटांकडे मी पहिल्यासारखं बघू शकत नाही.

१९२० च्या दशकात कंपनीने कोटाच्या अस्तरासाठी ते प्रसिद्ध चौकडीचं डिझाइन आणलं. फिकट तपकिरी रंगावर काळ्या, पांढऱ्या, लाल रेघांचं. थॉमस बर्बेरी १९२६ मध्ये वारले.

इथे मी थांबलो आणि विक्रेत्याचे फोटो परत उघडले. आत चौकडीचं अस्तर! युद्ध संपलं १९१८ मध्ये, मग हे अस्तर आलं कुठून? पण घाई नको. अस्तर नंतर बदललेलंही असू शकतं. म्हणून मी आतल्या लेबलचा जवळून काढलेला फोटो मागितला. त्यावर लिहिलं होतं, सुती आणि पॉलिस्टर मिश्रण. पॉलिस्टरच्या धाग्याचा शोध १९४१ चा. म्हणजे कोट कितीही अस्सल असला तरी पहिल्या महायुद्धातला नव्हता. तो शिवला गेला तेव्हा थॉमस बर्बेरी हयातही नव्हते. मी हे विक्रेत्याला कळवलं, त्याचं उत्तर काही आलं नाही. पगार वाचला.

तुम्हालाही असा कोट कुठे दिसला तर गोष्टीवर भाळू नका. आधी तीन फोटो मागा: अस्तर, लेबल आणि शिवणीचा धागा. मग प्रत्येक गोष्ट कोणत्या साली आली ते फोनवर शोधा. कोटावरची सगळ्यात नवीन वस्तू ज्या सालची, त्याच्या आधीचा तो कोट असूच शकत नाही. वेगळं काही दिसलं, तर ती वस्तू नंतर बसवली आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

आणि हो, बाइकसाठी नवीन रेनकोट घेताना आता मी दुकानदाराला आधी विचारतो, घाम बाहेर जातो का?