सगळे तिला दारूडी म्हणत राहिले, पण रिटा हेवर्थला झाला होता अल्झायमर

जानेवारी १९७६. लंडनचा हिथ्रो विमानतळ. एका विमानातून ५७ वर्षांच्या बाईंना खाली उतरवण्यात आलं. प्रवासात त्यांनी संतापून बराच गोंधळ घातला होता. केस विस्कटलेले, नजर हरवलेली. त्या अवस्थेतले फोटो पेपरात छापून आले आणि लोकांनी निकाल लावून टाकला, दारूने हिची वाट लावली.

या बाई म्हणजे रिटा हेवर्थ. १९४६ च्या 'गिल्डा'ने अख्ख्या जगाला वेड लावणारी हॉलीवूडची नटी.

तिचं मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो. जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, १७ ऑक्टोबर १९१८ चा. वडील स्पॅनिश नर्तक, त्यामुळे शाळकरी वयातच ती त्यांच्यासोबत स्टेजवर नाचायला लागली. पुढे स्टुडिओने नाव बदललं, केसांचा रंग बदलला, कपाळावरची केसांची रेषासुद्धा मागे सरकवली. पाच लग्नं झाली, पाचही मोडली. त्यातलं तिसरं १९४९ सालचं, प्रिन्स अली खानसोबतचं. पुण्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांचा हा मुलगा. याच लग्नातून यास्मिन जन्मली आणि शेवटी आईला सांभाळलं तेही तिनेच.

रिटाच्या विसरण्याची चाहूल खूप आधी लागली होती. १९७१ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका म्युझिकलसाठी तिचा विचार झाला, पण संवाद पाठच होईनात. १९७२ च्या 'द रॅथ ऑफ गॉड' या शेवटच्या सिनेमात तर एकेक वाक्य सांगून शूटिंग उरकावं लागलं. १९७४ मध्ये आठवड्याभरात दोन्ही भाऊ गेले आणि पिणं वाढलं. ती प्यायची हे खरंच होतं. म्हणूनच बाकीच्या सगळ्यावर दारूचं लेबल चिकटवणं सोपं गेलं. घरच्यांचाही तोच समज होता.

डॉक्टरांना तरी कुठे सगळं स्पष्ट होतं? अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्येच हा आजार मांडला होता, पण कितीतरी वर्षं तो ऐन उमेदीतल्या माणसांना होणारा दुर्मीळ विकार समजला गेला. उतारवयातलं विसरणं म्हणजे म्हातारचळ, विषय संपला. रिटाचं निदान व्हायला १९८० उजाडलं. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने तिची जबाबदारी ३१ वर्षांच्या यास्मिनकडे दिली. यास्मिनने आईला न्यूयॉर्कला आणलं आणि आपल्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये ठेवलं. देखभालीला नर्सेस ठेवल्या. या आजारावरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये, म्हणजे तेव्हा हातात होती ती फक्त सेवा.

निदानाने आजार बरा झाला नाही. मग बदललं काय? तर आईच्या वागण्याचा अर्थ.

अशा पेशंटचा राग बहुतेक वेळा भीतीतून येतो. पर्स कुठे ठेवली हेच आठवत नाही, म्हणजे ती कोणीतरी चोरली असणार. समोरची बाई ओळखीची वाटत नाही आणि ती आपले कपडे काढायला बघते, म्हणजे ती हल्ला करतेय. पेशंटच्या बाजूने पाहिलं तर आरडाओरडा अगदी रास्त आहे! तिथे पुरावे देऊन वाद घालणारा माणूस दर वेळी हरतो, कारण पटवून दिलेलं पाच मिनिटांत पुसलं जातं आणि राहते फक्त चिडचिड. त्यापेक्षा 'चल, आपण मिळून शोधू' म्हणणं, मग हळूच दुसऱ्या कामाकडे वळवणं जमून जातं. अंघोळीला नकार असेल तर ओढाताण न करता अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं.

संध्याकाळ झाली की अनेकांची बेचैनी वाढते. तेव्हा लवकर दिवे लावणं, टीव्हीचा आवाज कमी करणं, पाहुणे टाळणं उपयोगी पडतं. आणि वागणं एकाएकी बिघडलं, तर आधी शरीराकडे बघायचं. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दाताचं दुखणं, नवीन गोळी... पेशंटला ते सांगता येत नाही, मग ते रागातून बाहेर पडतं. अशा वेळी डॉक्टरांना गाठायला उशीर करू नये.

हे सगळं एकट्याने रोज करणं अशक्य आहे. यास्मिनकडे पैसा होता, माणसं होती. बहुतेक घरांत एकच मुलगी, सून किंवा बायको असते. तिला आठवड्यातून काही तास सुट्टी देणारं दुसरं माणूस हवंच.

यास्मिनने हे दुखणं घरात लपवून ठेवलं नाही. आईचं नाव घेऊन ती जाहीरपणे बोलली आणि अल्झायमर हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचला. १९८५ पासून रिटाच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये संशोधनासाठी निधी उभारणारा सोहळा सुरू झाला. १४ मे १९८७ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, रिटा गेली. यास्मिन त्यानंतरही अनेक वर्षं हे काम करत राहिली.