बर्फात रोवलेले नंबरचे झेंडे: अमुंडसेन दक्षिण ध्रुव जिंकून जिवंत परत कसा आला?

१४ डिसेंबर १९११. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन चार साथीदारांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचला. माणूस तिथं पहिल्यांदाच पोहोचत होता. ब्रिटनचा कॅप्टन स्कॉट ३४ दिवसांनी पोहोचला, पण परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चारही साथीदार मेले. अमुंडसेनची पाचही माणसं सुखरूप परतली.

हे फक्त नशीब होतं का?

अमुंडसेनचा जन्म १८७२ चा, जहाजं चालवणाऱ्या घरातला. पोरानं डॉक्टर व्हावं अशी आईची इच्छा होती. तो २१ वर्षांचा असताना आई गेली आणि त्यानं शिक्षण सोडलं.

१८९७ मध्ये तो ‘बेल्जिका’ जहाजावरून अंटार्क्टिकाला गेला. जहाज बर्फात अडकलं, खलाशांना स्कर्व्ही झाला. सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खाल्ल्यावर माणसं सावरली. पुढं १९०३ ते १९०६ या मोहिमेत तो कॅनडाच्या उत्तरेला इनुइट लोकांजवळ दोन हिवाळे राहिला. कातड्याचे कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची स्लेज कशी हाकायची, हे त्यांच्याकडून शिकला.

दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हे सगळं कामाला आलं.

जानेवारी १९११ मध्ये अंटार्क्टिकावर उतरल्यावर त्यानं आधी वाटेत अन्नाचे साठे केले. आता प्रश्न होता, धुक्यात आणि वादळात ते सापडणार कसे? म्हणून साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवे, १०-१० झेंडे रोवले. दोन झेंड्यांत सुमारे ९०० मीटर अंतर. प्रत्येक झेंड्यावर नंबर. वाट चुकली तरी एखादा झेंडा दिसणार आणि साठा कुठल्या बाजूला, किती दूर आहे ते नंबरवरून कळणार.

हिवाळाभर तळावर तयारी चालली. स्लेज रंधून ७५ किलोंवरून साधारण २२ किलोंवर आणल्या. पेट्यांना वरूनच झाकण केलं, म्हणजे रोज दोऱ्या सोडायला नकोत. रॉकेलचे डबे झाळून पक्के बंद केले. स्कॉटच्या डब्यांतून मात्र रॉकेल गळून गेलं होतं. त्याचा शेवटचा तंबू मोठ्या साठ्यापासून जेमतेम १८ किलोमीटरवर होता.

पण अमुंडसेनही एकदा चुकला. स्कॉट पुढं जाईल या धास्तीनं तो ८ सप्टेंबरलाच निघाला. पारा उणे ५६ अंशांवर गेला आणि माघार घ्यावी लागली. परतताना तो पुढं निघून गेला, मागं राहिलेल्यांचे पाय गारठले. यॉल्मार योहान्सेननं एका साथीदाराला कसंबसं तळावर आणलं आणि अमुंडसेनला सगळ्यांसमोर सुनावलं. अमुंडसेननं त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं.

ऑक्टोबरमध्ये ५ माणसं आणि ५२ कुत्रे पुन्हा निघाले. २५ जानेवारी १९१२ ला ते तळावर परतले, तेव्हा ११ कुत्रे उरले होते. बरेच कुत्रे वाटेत मारून खायचे, हेही आधीच ठरलेलं होतं. तयारीच्या हिशोबातली ही सगळ्यात क्रूर नोंद.

मे १९२८ मध्ये ‘इटालिया’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवावरून परतताना कोसळलं. त्यातल्या लोकांना शोधायला अमुंडसेन १८ जूनला विमानानं निघाला. यावेळी तयारीला हिवाळाभराचा वेळ नव्हता, हाताशी महिनाही नव्हता. विमान बेपत्ता झालं. अमुंडसेन कधीच सापडला नाही.