कर्नल हेमू अधिकारी



आपल्या मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेटचे मैदान आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे. २०२३ साली तिथे मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. क्रिकेट म्हटले की आपल्याला फलंदाज आठवतात, गोलंदाज आठवतात. संघाचा व्यवस्थापक मात्र कुणाला आठवत नाही. आज आम्ही अशाच एका व्यवस्थापकाची ओळख करून देणार आहोत. १९७१ साली लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि तीनच वर्षांनी त्यांनाच नावे ठेवली. त्यांचे नाव हेमचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी. (पालकांना नाटक-सिनेमातले हेमू अधिकारी आठवतील. ते वेगळे.)

हेमूंचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. ते बडोद्याकडून खेळले, पुढे सैन्यात गेले आणि सेनादलाच्या संघाकडून खेळू लागले. आडनाव अधिकारी आणि हुद्द्यानेही अधिकारी! लेफ्टनंट कर्नल या पदापर्यंत ते पोचले. भारतासाठी ते २१ कसोटी सामने खेळले. १९४८ साली दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. १९५२ साली दिल्लीलाच पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या जोडीने तब्बल १०९ धावा जोडल्या. ती जोडी होती हेमू अधिकारी आणि गुलाम अहमद यांची. हा भारतीय विक्रम पुढे ५२ वर्षे टिकला.

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा पाच कसोटींत भारताला चार कर्णधार बदलावे लागले. चौथे होते अधिकारी. वय ३९. समोर हॉल आणि गिलख्रिस्ट यांची भयंकर वेगवान गोलंदाजी. अधिकारींनी ६३ आणि ४० धावा केल्या, ३ बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. ही त्यांची शेवटची कसोटी.

यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला निघाला आणि कर्नल अधिकारी व्यवस्थापक झाले. त्या काळी संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक नसे. इथल्या फुटबॉल संघाचा कोच जे काम करतो, त्यातले बरेचसे व्यवस्थापकाच्या अंगावर पडे. अधिकारी स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होते. भारतीय खेळाडू चेंडूमागे पळायला आळस करतात अशी तेव्हा तक्रार असे. कर्नलसाहेबांनी लष्करी शिस्त लावली. व्यायाम आणि झेलांचा सराव यांत सूट नाही म्हणजे नाही!

त्याचे फळ ओव्हलच्या मैदानावर दिसले. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, डोक्यावर हेल्मेट नसताना, उभा राहायचा. त्याने ॲलन नॉटचा झेल पुढे झेपावून टिपला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी जिंकली आणि मालिकाही जिंकली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीणही मैदानावर आणली होती! मुंबईत संघाची मिरवणूक निघाली.

१९७४ साली संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधार वाडेकर, व्यवस्थापक अधिकारी, शिस्तही तीच. पण या वेळी सगळेच बिघडले. लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत संपला. तिन्ही कसोटी हरल्या. संघात बेबनाव झाला. भारतीय उच्चायुक्तांकडे समारंभाला पोचायला उशीर झाला म्हणून खेळाडूंना आल्या पावली परत फिरावे लागले.

सर्वांत वाईट प्रसंग सुधीर नाईक या मुंबईच्या सलामीवीरावर आला. लंडनच्या एका दुकानात पायमोज्यांचे पैसे दिले नाहीत, असा आरोप त्यांच्यावर झाला. पैसे द्यायचे चुकून राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु प्रकरण वाढू नये म्हणून संघाच्या व्यवस्थापनाने त्यांना न्यायालयात गुन्हा कबूल करायला लावले. दंड झाला, वर्तमानपत्रांत नाव आले. आपण तेव्हा कबुली द्यायला नको होती, ही खंत नाईक यांना कायम राहिली. त्याच दौऱ्यात आपल्या पहिल्याच कसोटीत त्यांनी ७७ धावा केल्या, पण लोकांनी त्या धावा विसरून पायमोजेच लक्षात ठेवले. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची वानखेडेची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली होती, हे किती जणांना माहीत आहे?

या प्रसंगाचा बोल व्यवस्थापक म्हणून अधिकारींना लागतोच. त्यांनी संघाचे नाव वाचवण्याचा विचार केला असेल. आपण परदेशात राहणारे लोक हे चांगले समजू शकतो. परक्या गावात गाजावाजा नको, मिटवून टाका, असे आपणही म्हणतो. पण ज्याचे नाव जाते, त्याला ते जन्मभर सोसावे लागते. आम्हांला वाटते, तेव्हा कर्नलसाहेबांनी आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहायला हवे होते.

मग १९७१ चे अधिकारी थोर आणि १९७४ चे वाईट असे म्हणायचे का? तसे नाही. माणूस तोच होता. झेल घेण्याचा सराव शिस्तीने करून घेता येतो. रुसलेली मने शिस्तीने जुळत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातून शिकायला मिळतात, म्हणून त्यांची आठवण ठेवायची.

त्या पराभवानंतर वाडेकर लवकरच निवृत्त झाले. अधिकारी मात्र तरुण खेळाडूंना शिकवत राहिले. कपिल देव आणि रवी शास्त्री यांनाही त्यांचे मार्गदर्शन मिळाले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शब्दार्थ
बेबनाव – आपापसांत न पटणे
बोल लागणे – दोष येणे
आल्या पावली – आल्याबरोबर लगेच
खंत – मनाला लागून राहिलेले दुःख

घरी करा
१. या रविवारी आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा विचारा : १९७१ चा ओव्हलचा सामना त्यांनी रेडिओवर ऐकला होता का? तेव्हा ते कुठे होते?
२. आपली चूक नसताना भांडण मिटावे म्हणून चूक कबूल करावी का? पाच ओळी लिहून आणा. आई-बाबांचे मत वेगळे असेल तर तेही लिहा.