डॉ. कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवतांचे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई मात्र आमच्यापैकी पुष्कळांस ठाऊक नव्हत्या. म्हणून हा अल्प परिचय.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा. वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळताच कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने असे करावे, ह्याचे आम्हांस नवल वाटते व खेदही. कमलाबाईंनी त्यांच्या कचेरीपाशी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या परीक्षेवर. त्या वर्षातील काम पाहून रामन ह्यांचे मत पालटले, आणि पुढे अन्य मुलींनाही तेथील दार उघडले.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. विद्यापीठाची जीवरसायन प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स ह्यांच्या हाताखाली होती. पण तेथे नव्या माणसास जागाच उरली नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा कमलाबाईंस दिले व स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले. अशा वाटून घेतलेल्या जागेवर त्यांच्या संशोधनाचा श्रीगणेशा झाला! पुढे रॉबिन हिल ह्यांच्याजवळ बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, असे त्यांस आढळले. हे लोहयुक्त प्रथिन पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोचविते. घोड्याच्या हृदयातील ह्याच प्रथिनाची अणुरचना क्ष-किरणांनी उलगडली, ती सुमारे तीस वर्षांनंतर. कमलाबाईंचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा. वह्यांमागून वह्या भरणाऱ्या आम्हांस हे वाचून जरा ओशाळल्यासारखे झाले. १९३९ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी दिल्ली, कुन्नूर असे करीत, १९४७ मध्ये विवाह झाल्यावर, त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत प्राध्यापिका झाल्या. तेथे विद्यार्थ्यांसह त्यांनी कडधान्ये व नीरा ह्यांचा अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडामाडाचा न आंबलेला गोड रस. माड आम्हां कारापूरकरांच्या नित्य पाहण्यातला, पण त्याच्या रसाची प्रयोगशाळेत अशी कसून तपासणी होत असेल, हे आमच्या स्वप्नीही नव्हते! नीरेतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना उपकारक ठरतात, असे त्यांना दिसून आले. ह्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे फार उशिरा आले.

१९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले.