एक्स्प्लेनर : नाना फडणवीसांच्या मृत्यूची खबर देणाऱ्या पामरची लग्नं किती? एक चित्र, एक मृत्युपत्र आणि वारसांचा हिशेब

दापोडीहून लोकलने पुण्याला निघालात की आधी खडकी, मग शिवाजीनगर आणि त्यानंतर गाडी संगमाच्या पुलावर येते. मुळा आणि मुठा जिथे मिळतात, तिथेच पेशवाईत इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी तो जाळण्यात आला. दापोडीच्या छावणीतून कॅप्टन फोर्डची पलटण निघाली, तीही याच लढाईसाठी.

या बंगल्यात १७९८ ते १८०१ या काळात राहिलेला रेसिडेंट म्हणजे विल्यम पामर. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस गेले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातला शहाणपणा आणि संयमही संपला, अशा अर्थाचं पामरने लिहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत त्याचा हा अभिप्राय येतो. पण त्याच्या स्वतःच्या घराचं चित्र कुठल्याही एका कागदात मिळत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागतं.

पामर होता कोण?

पामरचा जन्म १७४० चा. तरुणपणी तो ब्रिटिश सैन्यातून वेस्ट इंडिजला गेला. तिथल्या सेंट किट्स बेटावर १७६१ मध्ये त्याने सेरा हेझेल हिच्याशी लग्न केलं. काही वर्षांनी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, पण सेराने इथे त्याच्यासोबत संसार केला नाही. सेराचा मुलगा जॉन (जन्म १७६७) पुढे कलकत्त्यातला मोठा व्यापारी झाला.

पामर गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला होता. हेस्टिंग्जने त्याला १७८२ मध्ये लखनौला पाठवलं. पुढे तो महादजी शिंदे आणि दौलतराव शिंदे यांच्या दरबारी रेसिडेंट होता आणि तिथून पुण्याला आला.

दुसरं लग्न कुठे नोंदलं आहे?

चर्चच्या वहीत ते नाही, आणि असण्याचं कारणही नाही. पहिली पत्नी असताना चर्चमध्ये दुसरं लग्न लावता येत नव्हतं. शिवाय ही दुसरी जोडीदार मुसलमान होती. तिचं नाव फैज बख्श. जन्म दिल्लीचा, वडील घोडदळातले इराणी सरदार, पुढे कुटुंब लखनौला आलेलं. हे लग्न मुस्लिम पद्धतीने झालं असावं, असं अभ्यासक मानतात. निकाहाचा कागद समोर नाही, म्हणून आजूबाजूचे पुरावे पाहावे लागतात.

पुरावा १ : मृत्युपत्र

पामर १८१६ मध्ये बंगालमधल्या बहरामपूरला वारला. मृत्युपत्रात त्याने फैजला पत्नी म्हटलेलं नाही. पस्तीसपेक्षा जास्त वर्षांची सोबतीण आणि स्नेही, असा तिचा उल्लेख आहे. आता साधी वजाबाकी करू. १८१६ मधून ३५ गेले की १७८१ उरतात, म्हणजे सहवास त्याआधी सुरू झालेला. फैजचा मोठा मुलगा विल्यम याचा जन्म १७८० चा. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात.

पुरावा २ : बादशहाने दिलेला किताब

१७९६ मध्ये दिल्लीचा बादशहा शाह आलम याने फैजला साहिब बेगम हा किताब दिला. दिल्ली दरबाराच्या लेखी ती एका सरदाराच्या घरातली प्रतिष्ठित स्त्री होती, एवढं यातून नक्की कळतं.

पुरावा ३ : लखनौचं चित्र

१७८५ मध्ये लखनौला काढलेलं पामर कुटुंबाचं एक अपुरं तैलचित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते योहान झोफनीचं की फ्रान्सेस्को रेनाल्डीचं, यावर बराच वाद झाला. मध्ये पामर, शेजारी तान्हं मूल घेतलेली फैज, सोबत मोठी मुलं आणि दासी. पामरच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक उंची पोशाखातली तरुण स्त्री बसलेली आहे.

ही पामरची आणखी एक बेगम असावी, असं बराच काळ समजलं जात होतं. म्हणजे हिशेब तीनवर गेला होता. पुढच्या संशोधनात तिची ओळख बदलली. ती फैजची बहीण नूर बेगम, असं आता मानलं जातं. त्यामुळे पामरची लग्नं पुन्हा दोनवर आली.

ही नूर मराठी इतिहासाला अगदीच परकी नाही. महादजींचं कवायती सैन्य उभं करणाऱ्या डी बॉइनची ती बायको. ती त्याच्याबरोबर युरोपला गेली आणि हेलेन बेनेट या नावाने इंग्लंडमध्ये राहिली. डी बॉइनने मात्र १७९८ मध्ये लंडनला एका फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केलं. नूर १८५३ मध्ये ससेक्समध्ये वारली.

कागद नसल्याने काय बिघडलं?

बिघडलं ते पुढच्या पिढीचं. ज्यांची आई किंवा वडील हिंदुस्थानी आहेत, त्यांना कंपनीच्या मुलकी आणि लष्करी अधिकारपदांवर घ्यायचं नाही, असा नियम १७९१ मध्ये आला. सेराच्या मुलांना तो लागू नव्हता, फैजच्या मुलांना होता. वडील कंपनीचे रेसिडेंट, पण मुलाला कंपनीचं दार बंद. विल्यमने मग हैदराबादच्या निजामाच्या फौजेत नोकरी धरली. नंतर त्याने तिथे सावकारी पेढी काढली. निजामाच्या सरकारला तिने दिलेल्या कर्जांवरून १८२० च्या दशकात मोठा गदारोळ झाला आणि पेढी बुडाली.

डी बॉइनच्या घरी उलटं झालं. नूरचा मुलगा चार्ल्स याला बापाने वारस मानलं आणि सव्हॉयमधली सरदारकी त्याच्याकडे गेली. आया सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे युरोपियन. तरी मुलांचं नशीब वेगळं ठरलं ते बापाने कुठे आणि काय लिहून ठेवलं यावर.

पुण्यानंतर काय झालं?

पामर एतद्देशीय दरबारांशी नरमाईने वागतो, असं गव्हर्नर जनरल वेलस्लीचं मत होतं. १८०१ मध्ये त्याला हटवून बॅरी क्लोजला पुण्याला पाठवलं गेलं. याच क्लोजने पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाबरोबर वसईचा तह केला. पामरचं कुटुंब पुण्याहून हैदराबादमार्गे बंगालकडे गेलं. पामरच्या मागे फैज हैदराबादला राहिली आणि १८२८ मध्ये तिथेच वारली.

यातून घ्यायचं काय?

आपल्याकडे सध्या घरोघरी वंशावळ शोधली जाते आहे. वारस नोंदीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी जुन्या मोडी कागदांचे गठ्ठे उघडले जात आहेत. पामरचं प्रकरण त्यासाठी उपयोगी आहे. एकटा पुरावा फसवू शकतो. चित्राने तसंच केलं, मेहुणीला बायको ठरवलं. पण मृत्युपत्र, मुलाचं जन्मवर्ष आणि दरबारी किताब हे वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एकाच उत्तराकडे बोट दाखवतात, तेव्हा ते उत्तर टिकतं.

आणि नोंद नाही म्हणजे नातं नव्हतं, असं नाही. पस्तीस वर्षांहून जास्त चाललेला हा संसार कुठल्याच लग्नाच्या वहीत नाही. तो मृत्युपत्रातल्या एका ओळीत सापडतो.