ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या बालशिक्षणाला भारतीय रूप देणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. माँटेसरींना लहान वयात परीकथा मान्य नव्हत्या; या दोघांनी मात्र गोष्ट, गाणे आणि नाट्य यांना बालमंदिरात मोकळे स्थान दिले. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

ताराबाईंच्या कार्याचा खरा कस लागला तो खेड्यात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली, आणि मुलांच्या कल्पनेला ती अधिक मानवली. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला हलले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

जळकोटपासून जव्हारपर्यंत आज घरोघरी रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने स्वीकारला. तो सर्वदूर झालेला पाहण्यास ताराबाई नव्हत्या. कोसबाडचे काम त्यांच्यानंतर अनुताईंनी चालविले.